साखरेचं हायड्रोजनेशन आणि ऑक्सिडेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीएस्सी-डिप्लोमाची पोरं, टूथपेस्ट-सिरप बनवणारे छोटे उद्योजक, साखर कारखान्यातले केमिस्ट आणि डायबिटीसवाले काका-मावशा, सगळ्यांकडून फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवलंय. क्रम सोप्याकडून अवघडाकडे आहे. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात येऊन गेली असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. साखरेचं हायड्रोजनेशन आणि ऑक्सिडेशन म्हणजे नक्की काय करतात?

ग्लुकोज म्हणजे सहा कार्बनची साखळी, पाच कार्बनवर एकेक ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) आणि पहिल्या कार्बनवर अल्डिहाइड (तिथल्या कार्बनला दुहेरी बंधाने ऑक्सिजन आणि सोबत एक हायड्रोजन). सगळा खेळ त्या अल्डिहाइडच्या टोकाचा आहे. तिथे हायड्रोजन चढवला की तेही टोक ओएचवालं होतं आणि सॉर्बिटॉल मिळतं, आणि त्याच टोकाला ऑक्सिजन दिला की ग्लुकॉनिक ॲसिड मिळतं. वजनाचा हिशोब पण सोपा आहे, १८० किलो ग्लुकोज अधिक २ किलो हायड्रोजन म्हणजे १८२ किलो सॉर्बिटॉल, आणि १८० किलो ग्लुकोज अधिक १६ किलो ऑक्सिजन म्हणजे १९६ किलो ग्लुकॉनिक ॲसिड.

इथे पोरं हमखास अडतात की पाण्यात ग्लुकोज तर रिंगमध्ये बंद असतं मग अल्डिहाइड येतं कुठून. उघडी साखळी कुठल्याही क्षणी अगदी नगण्य असते हे खरं, पण ती वापरली गेली की तोल सांभाळायला आणखी रिंगा उघडतात, त्या वापरल्या की आणखी, असं करत सगळं ग्लुकोज संपतं.

२. शुगर अल्कोहोल म्हणजे त्यात दारू असते का? उपवासाला, औषधात चालतं का?

सॉर्बिटॉल, झायलिटॉल, मॅनिटॉल असल्या मंडळींना शुगर अल्कोहोल म्हणतात, आणि त्यांच्यात दारू अजिबात नसते. केमिस्ट्रीत ओएच ग्रुप असला की अल्कोहोल म्हणायची पद्धत आहे, त्या हिशोबाने ग्लिसरीन पण अल्कोहोलच. प्यायची दारू म्हणजे इथेनॉल, त्याचा याच्याशी संबंध नाही आणि नशा होत नाही. उपवासाचं तुमचं तुम्ही ठरवा, कच्चा माल बहुतेक वेळा मक्याचा स्टार्च असतो एवढं सांगतो.

३. "शुगर फ्री" लिहिलंय म्हणजे डायबिटीसवाल्याने कितीही खाल्लं तर चालेल?

नाही. यात साखरेऐवजी बऱ्याचदा हीच शुगर अल्कोहोलं असतात. रक्तातली साखर कमी चढते, पण शून्य चढते असं नाही आणि कॅलरी तर असतातच. साध्या साखरेच्या ग्रॅमला ४ किलोकॅलरी, तर लेबलसाठी अमेरिकेत धरले जाणारे आकडे असे: सॉर्बिटॉल २.६, झायलिटॉल २.४, माल्टिटॉल २.१, मॅनिटॉल १.६. शिवाय सॉर्बिटॉलची गोडी साखरेच्या साधारण ६० टक्के, त्यामुळे तेवढाच गोडवा हवा तर जास्त टाकावं लागतं आणि कॅलरीतला फायदा तिथेच बराचसा जातो. ही सगळी मंडळी लहान आतड्यात पूर्ण शोषली जात नाहीत, उरलेली खाली जाऊन पाणी ओढतात आणि गॅस करतात, म्हणून जास्त खाल्लं की पोट बिघडतं. शुगर फ्री काजूकतली खाऊन रात्र बाथरूममध्ये काढलेले लोक दर दिवाळीला आम्हाला लिहितात. डोस तुमच्या डॉक्टरांना विचारा, आम्ही केमिस्ट्रीवाले आहोत. आणि घरात कुत्रा असेल तर झायलिटॉलवालं काहीही त्याच्या तोंडाला लागू देऊ नका, माणसाला चालतं ते कुत्र्याला विष आहे, त्याची शुगर धाडकन उतरते आणि लिव्हरवर पण जातं.

४. फॅक्टरीत सॉर्बिटॉल बनतं कसं? पहिल्यापासून सांगा.

मका भिजवून दळून स्टार्च काढतात (आपल्याकडे धुळे जिल्ह्यात दोंडाईच्याला असा मक्याच्या स्टार्चचा कारखाना आहे), स्टार्च एन्झाइमने तोडून ग्लुकोजचं पाणी करतात. हे पाणी कार्बनमधून (रंग शोषणारा कोळसा) आणि आयन एक्स्चेंज कॉलममधून (क्षार-धातू पकडून ठेवणारं रेझिन भरलेले नळकांडे) स्वच्छ करून ४०-५० टक्क्यांवर आणतात, मग कॅटलिस्टबरोबर (रिॲक्शनचा वेग वाढवणारा पदार्थ) ऑटोक्लेव्हमध्ये (दाब सोसणारं बंद भांडं) घेऊन १२० ते १५० अंशांपर्यंत तापवतात आणि हायड्रोजनचं प्रेशर देतात, जे प्लांटप्रमाणे ३० बारपासून शंभराच्या वर कुठेही असू शकतं. रिॲक्शन स्वतःच उष्णता सोडते म्हणून एकदा सुरू झाली की तापवण्यापेक्षा थंड करण्याकडे लक्ष द्यावं लागतं. हायड्रोजन खायचा थांबला की झालं. मग कॅटलिस्ट गाळायचा, परत आयन एक्स्चेंज, परत कार्बन, आणि आटवून ७० टक्क्यांवर आणायचं. ड्रममध्ये जे पाक दिसतं ते हे.

एक टन कोरड्या सॉर्बिटॉलला हायड्रोजन लागतो जेमतेम ११ किलो, म्हणजे नॉर्मल तापमान-दाबाला सुमारे १२३ घनमीटर. बघायला गेलं तर रिॲक्टरमधलं काम काही तासांचं आहे, खरा खर्च आणि खरी डोकेदुखी त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या सफाईत असते. नवीन लोक कोटेशन मागवताना सगळं लक्ष ऑटोक्लेव्हवर ठेवतात आणि आयन एक्स्चेंजला दुय्यम समजतात, मग कॅटलिस्ट पटापट मरायला लागला की सप्लायरच्या नावाने बोटं मोडतात. सफाई का एवढी लागते ते प्रश्न ६ आणि ८ मध्ये.

५. एवढं प्रेशर कशाला लागतं? ग्लुकोज तर सहज रिॲक्ट होतं ना?

हायड्रोजन पाण्यात फार कमी विरघळतो म्हणून. कॅटलिस्ट तळाशी वाट बघत बसलेला, ग्लुकोज भरपूर, आणि हायड्रोजन मात्र वरच्या जागेतून पाण्यात उतरायलाच तयार नाही, अशी अवस्था असते. प्रेशर दुप्पट केलं की विरघळलेला हायड्रोजन साधारण दुप्पट होतो. दुसरा उपाय म्हणजे ढवळणं, म्हणून वरचा गॅस परत खाली ओढून पाण्यात सोडणारे पोकळ शाफ्टचे स्टरर वापरतात किंवा लूप रिॲक्टर (पंपाने द्रव गोल फिरवत ठेवणारा) लावतात. तुमचं कन्व्हर्जन अडलं असेल तर कॅटलिस्ट वाढवण्याआधी स्टररचा स्पीड वाढवून बघा, स्पीडबरोबर वेग वाढला तर दोष कॅटलिस्टचा नाही, गॅस पोचत नाहीये. हायड्रोजन कमी पडला की आणखी एक त्रास होतो, तापलेलं ग्लुकोज नुसतं बसत नाही, त्याचं भलतंच काहीतरी होत राहतं, ते प्रश्न ७ मध्ये.

६. रेनी निकेल घ्यावं की रुथेनियम?

आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. आधी रेनी निकेल म्हणजे काय ते सांगतो. अमेरिकेतल्या मरे रेनीने वनस्पती तेलांच्या हायड्रोजनेशनसाठी हा प्रकार काढला, निकेल-ॲल्युमिनियमवालं पेटंट १९२७ चं. निकेल आणि ॲल्युमिनियम साधारण निम्मं निम्मं वितळवून मिश्रधातू करायचा, तो दळायचा आणि कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात (पुढे नुसतं कॉस्टिक म्हणतो) टाकायचा, ॲल्युमिनियम विरघळून निघून जातं आणि मागे राहतं ते अनारशासारखं जाळीदार निकेल, ज्याच्या एका ग्रॅममध्ये शंभर चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग असतो. स्वस्त, जोरदार, आणि गेली कित्येक दशकं सॉर्बिटॉल यावरच बनतंय.

त्याची खोड अशी की ते विरघळतं. रिॲक्टरमध्ये थोडं जरी ग्लुकॉनिक ॲसिड तयार झालं तरी ते निकेलला चिमट्यात पकडल्यासारखं धरून पाण्यात खेचतं. औषधी ग्रेडच्या सॉर्बिटॉलमध्ये निकेल १ पीपीएमच्या (दहा लाखांत एक भाग) वर चालत नाही, म्हणजे हे निकेल परत आयन एक्स्चेंजने काढत बसा. शिवाय प्रत्येक बॅचला थोडं नवीन निकेल टाकावं लागतं. लोखंड, मॉलिब्डेनम, क्रोमियम असले धातू थोडे मिसळले की वेग वाढतो, पण तेही पुढे सुटून पाण्यात येऊ शकतात.

कार्बनवर बसवलेलं रुथेनियम (प्लॅटिनमच्या घराण्यातला धातू) वजनामागे निकेलपेक्षा कितीतरी ॲक्टिव्ह आहे, त्यामुळे कमी तापमान-प्रेशरवर काम होतं, आणि ते असं विरघळत नाही. कंटिन्युअस, म्हणजे फिक्स्ड बेडमधून पाणी सोडत राहायचं अशा प्लांटला हे छान बसतं. किंमत मात्र पचायला हवी, आणि रुथेनियमचे बाजारभाव उड्या मारतात. माझं मत विचाराल तर बॅच प्लांट, साधी टूथपेस्ट ग्रेड आणि कमी भांडवल असेल तर निकेल, आणि फीड, म्हणजे रिॲक्टरमध्ये जाणारं ग्लुकोजचं पाणी, खरोखर स्वच्छ ठेवायची शिस्त असेल तर रुथेनियम. शिस्त नसेल तर महागडं रुथेनियम पण गंधकाने तसंच मरतं, आणि ते मेल्याचं दुःख जास्त महाग असतं.

गंधक कुठून येतं? मका भिजवतात ते सल्फर डायऑक्साइडच्या पाण्यात! त्याचा अंश ग्लुकोजबरोबर इथपर्यंत येऊ शकतो.

७. पीएच किती ठेवायचा? थोडं कॉस्टिक टाकलं तर रिॲक्शन फास्ट होते असं ऐकलंय.

फास्ट होते आणि बिघडते पण. अल्कलीत गरम ग्लुकोज ठेवलं की त्यातलं काही फ्रुक्टोज आणि मॅनोज या भावंड साखरांमध्ये बदलतं, आणि त्यांच्यापासून मॅनिटॉल तयार होतं (प्रश्न ९). दुसरं म्हणजे कॅनिझारो रिॲक्शन, अल्डिहाइडच्या दोन रेणूंपैकी एकाचं अल्कोहोल आणि दुसऱ्याचं ॲसिड. म्हणजे तुम्ही हायड्रोजनेशन करताय आणि आत गुपचूप ग्लुकॉनिक ॲसिड पण बनतंय, जे निकेलला खातं (प्रश्न ६). ॲसिडच्या बाजूला गेलात तरी निकेल विरघळतंच. म्हणून न्यूट्रलच्या आसपास ठेवतात. पाण्यात भिजवून ठेवलेल्या नव्या रेनी निकेलमध्ये कॉस्टिक शिल्लक असतं, ते नीट धुतलं नाही तर पहिल्या एक-दोन बॅचेसमध्ये मॅनिटॉल वाढलेलं दिसतं आणि लोक ग्लुकोजच्या सप्लायरला फोन लावतात.

८. आपल्याकडे उसाची साखर एवढी पडलीये, मक्याच्या मागे कशाला? थेट साखरेचंच हायड्रोजनेशन का करत नाहीत?

कोल्हापूर-सांगली-नगरकडून हा प्रश्न प्रत्येक गळीत हंगामात येतो. अडचण अशी की आपली साखर म्हणजे सुक्रोज, त्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज एकमेकांची रिॲक्टिव्ह टोकं धरूनच जोडलेले असतात, उघडं अल्डिहाइड कुणाकडेच नाही. म्हणून सुक्रोजवर हायड्रोजन चढतच नाही. आधी ॲसिडने किंवा इनव्हर्टेज एन्झाइमने तोडून ग्लुकोज-फ्रुक्टोजचं मिश्रण करावं लागतं आणि मग त्याचं हायड्रोजनेशन केलं की साधारण ७५ टक्के सॉर्बिटॉल आणि २५ टक्के मॅनिटॉल मिळतं. केमिस्ट्री म्हणून चालतं.

पण दोन गोष्टी बघा. आपली बहुतेक पांढरी साखर डबल सल्फिटेशनने बनते, म्हणजे रस सल्फर डायऑक्साइड मारून साफ केलेला. परत गंधक! शुद्ध रिफाइंड साखर घ्या किंवा आधी आयन एक्स्चेंज करा, दोन्हीत पैसे जातात. आणि दुसरं, बाजारात ७५-२५ चं मिश्रण कुणी मागत नाही, वेगळं करावं लागतं. मॅनिटॉलला गिऱ्हाईक असेल तरच हे गणित जमतं.

साखरेपासून निघणारा एक चांगला रस्ता मात्र आहे, आयसोमाल्ट. एन्झाइमने सुक्रोजमधला जोड बदलून आयसोमाल्टुलोज करतात, त्यात फ्रुक्टोजचं टोक मोकळं होतं, आणि मग त्यावर हायड्रोजन चढवतात. शुगर फ्री हार्ड कँडी बहुतेक याची असते कारण ते हवेतलं पाणी कमी ओढतं. ज्यांना साखरेत काही वेगळं करायचंय त्यांनी सॉर्बिटॉलपेक्षा हे वाचावं.

९. मॅनिटॉल आणि सॉर्बिटॉल दोघांचा फॉर्म्युला सारखाच, मग मॅनिटॉल महाग का?

कारण ते एकटं मिळत नाही. ग्लुकोजमध्ये हायड्रोजन टोकाच्या कार्बनवर बसतो, तिथे दोन हायड्रोजन झाले की डावं-उजवं असा फरकच उरत नाही, म्हणून एकच प्रॉडक्ट, सॉर्बिटॉल. फ्रुक्टोजमध्ये कीटोन (अल्डिहाइडसारखाच दुहेरी बंधाचा ऑक्सिजन, पण साखळीच्या मधल्या कार्बनवर) दुसऱ्या कार्बनवर असतो, हायड्रोजन वरून आला तर एक आणि खालून आला तर दुसरं, असं निकेलवर जवळजवळ निम्मं सॉर्बिटॉल आणि निम्मं मॅनिटॉल होतं. तांब्याचा कॅटलिस्ट घेतला तर मॅनिटॉलचा वाटा साठ-सत्तर टक्क्यांपर्यंत नेता येतो पण शंभर कधीच नाही. मॅनोजपासून सरळ मॅनिटॉल मिळतं, पण मॅनोज आणायचं कुठून?

वेगळं करणं त्यातल्या त्यात सोपं आहे. सॉर्बिटॉल पाण्यात भरमसाट विरघळतं, मॅनिटॉल २५ अंशाला १०० मिलीत जेमतेम वीस ग्रॅम, म्हणून थंड केलं की मॅनिटॉलचे खडे खाली बसतात. हॉस्पिटलमध्ये मेंदूची सूज उतरवायला २० टक्के मॅनिटॉलची बाटली लावतात, थंडीत तिच्यात सुया दिसतात त्या याच कारणाने, नर्स ती गरम करून विरघळवूनच लावतात.

१०. थंडीत सॉर्बिटॉलच्या ड्रममध्ये खडे झाले, माल खराब झाला का?

खराब नाही झाला, तुम्ही क्रिस्टलायझिंग ग्रेड घेतलाय. ७० टक्के शुद्ध सॉर्बिटॉल गारठ्यात स्फटिक सोडतं. हलक्या हाताने गरम करून ढवळा, विरघळेल. टूथपेस्टवाल्यांना, सिरपवाल्यांना नॉन-क्रिस्टलायझिंग ग्रेड लागतो, त्यात मुद्दाम थोडी माल्टिटॉल वगैरे मोठ्या साखळ्यांची हायड्रोजनेटेड मंडळी ठेवलेली असतात जी स्फटिक बनू देत नाहीत. नाहीतर सिरपच्या बाटलीचं झाकण चिकटून बसतं आणि गिऱ्हाईक शिव्या घालतं. ऑर्डर देताना नुसतं "सॉर्बिटॉल ७०" लिहू नका, ग्रेड लिहा.

११. झायलिटॉल उसाच्या बगॅसपासून बनू शकतं ना?

शकतं. बगॅसमध्ये, म्हणजे उसाच्या चोथ्यात, पाव भागाच्या आसपास हेमिसेल्युलोज (साखरांच्या साखळ्यांचा पदार्थ) असतं आणि त्यात मुख्य झायलान. सौम्य ॲसिडने ते तोडलं की पाच कार्बनची झायलोज साखर, आणि तिचं निकेलवर हायड्रोजनेशन केलं की झायलिटॉल. ही रिॲक्शन ग्लुकोजपेक्षा थोड्या कमी तापमानाला होते. १८९१ साली जर्मनीत एमिल फिशर आणि रुडोल्फ श्टाहेलने बीचच्या लाकडापासून ते पहिल्यांदा बनवलं आणि त्याच सुमारास फ्रान्समध्ये बर्ट्रांडने गहू-ओटच्या काडापासून. मोठ्या प्रमाणात उत्पादन मात्र फिनलंडने १९७० च्या दशकात सुरू केलं, बर्चच्या लाकडापासून, तुर्कू शहरातल्या दातांवरच्या अभ्यासानंतर. आज मक्याची कणसं पण वापरतात.

अवघड काय आहे तर झायलोजची सफाई. ॲसिडने तोडलेल्या रसात फरफ्युरल, लिग्निनचे (काडीला कडक करणारा पदार्थ) तुकडे, ॲसेटिक ॲसिड, क्षार, दुसऱ्या साखरा, सगळा गोतावळा असतो आणि यातलं बरंच काही निकेलला नको असतं. शिवाय कारखाना बगॅस जाळून वीज बनवतो आणि विकतो, म्हणजे तो फुकट कचरा आहे हे पहिलं गृहीतकच चुकतं. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये बगॅसची किंमत शून्य लिहिलेली दिसली की तो रिपोर्ट मी बाजूला ठेवतो.

१२. एरिथ्रिटॉल पण असंच हायड्रोजनेशनने बनतं का?

नाही, ते ग्लुकोजवर यीस्ट वाढवून फर्मेंटेशनने बनतं. या कुटुंबातला अपवाद म्हणायचा.

१३. आता ऑक्सिडेशन. ग्लुकॉनिक ॲसिडसाठी कुठला कॅटलिस्ट चांगला?

तीन धातूंची गोष्ट आहे. प्लॅटिनम चालतं पण ते जास्त लुडबुड करतं, अल्डिहाइड झालं की दुसऱ्या टोकाच्या ओएचला पण हात घालतं. पॅलेडियम जास्त शहाणं आहे, फक्त अल्डिहाइड बघतं, पण लवकर थकतं. त्यावर थोडं बिस्मथ बसवलं की ते टिकतं आणि वेग पण खूप वाढतो, फ्रान्समध्ये लिओंच्या बेसाँ-गॅलेझो यांच्या ग्रुपने १९९० च्या दशकात यावर मोठं काम केलं, ग्लुकोनेट (ग्लुकॉनिक ॲसिडचा क्षार) ९९ टक्क्यांच्या आसपास मिळवलं, तेही ४० अंशाला. हायड्रोजनेशनच्या मानाने हे तापमान म्हणजे काहीच नाही आणि प्रेशर पण साध्या हवेचं.

तिसरं सोनं. सोनं म्हणजे निष्क्रिय असं शाळेत शिकलेलं असतं, पण जपानच्या मासाताके हारुताने १९८० च्या दशकात दाखवलं की काही नॅनोमीटरचे कण केले की ते कार्बन मोनॉक्साइड जाळतं. मग मिलानमध्ये लाउरा प्राती आणि मिकेले रॉसी यांच्या ग्रुपने २००२ च्या सुमारास कार्बनवरच्या सोन्याने ग्लुकोज ऑक्सिडाइझ केलं आणि प्रॉडक्ट जवळजवळ शंभर टक्के ग्लुकोनेट. सोन्याला ऑक्सिजनने गुदमरायला होत नाही (प्रश्न १४), हा त्याचा मोठा गुण. कण मोठे होऊन एकमेकांत मिसळले की मात्र खेळ खलास. आणि दुधातल्या लॅक्टोजपासून लॅक्टोबायोनिक ॲसिड करायलाही सोनं उत्तम. अवयव प्रत्यारोपणात किडनी-लिव्हर ज्या थंड द्रावणात ठेवून नेतात, त्यातल्या प्रसिद्ध विस्कॉन्सिन द्रावणात हे ॲसिड असतं.

१४. ऑक्सिजन जास्त सोडला तर रिॲक्शन लवकर व्हायला पाहिजे, आमची उलट बंद का पडते?

प्लॅटिनम किंवा पॅलेडियम वापरताय ना? या धातूंच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन जरुरीपेक्षा जास्त झाला की तो तिथे ठाण मांडतो आणि ग्लुकोजला बसायला जागाच उरत नाही. याला ओव्हर-ऑक्सिडेशन म्हणतात. म्हणून ऑक्सिजन मुद्दाम हात राखून द्यायचा. कॅटलिस्ट असा झोपला असेल तर हवा बंद करून नायट्रोजन सोडा, पाण्यातलं ग्लुकोजच तो ऑक्सिजन ओढून घेतं आणि पृष्ठभाग मोकळा होतो, पुष्कळदा तेवढ्याने कॅटलिस्ट परत उठतो. बिस्मथ टाकण्याचा एक फायदा हाच की ही झोप लांबते.

दुसरं कारण पीएच. ॲसिड बनत जातं तसा पीएच उतरतो आणि ॲसिड कॅटलिस्टला चिकटून बसतं, म्हणून कॉस्टिक थेंबाथेंबाने देत पीएच ९ च्या आसपास ठेवतात. मग मिळतं ते सोडियम ग्लुकोनेट, १८० किलो ग्लुकोजमागे २१८ किलो. कॉस्टिक एकदम ओतू नका, प्रश्न ७ मधली आयसोमरायझेशनची (ग्लुकोजचं फ्रुक्टोज-मॅनोज होण्याची) भानगड इथे पण आहे, फक्त तापमान कमी म्हणून जरा दबून असते.

१५. मग बाजारातलं सोडियम ग्लुकोनेट सोन्याच्या कॅटलिस्टने बनतं का?

बहुतेक नाही. ते काळ्या बुरशीने बनतं, ॲस्परजिलस नायजर, तीच जी कांद्यावर काळी दिसते त्यातलीच. बुरशीचं एन्झाइम फक्त ग्लुकोज ओळखतं आणि चूक करत नाही, स्वस्त पण पडतं. कॅटलिस्टचा फायदा म्हणजे वेग, सतत चालणारी प्रक्रिया आणि निर्जंतुकीकरणाची कटकट नाही, तरी भाव बुरशीच्या बाजूने आहे. काँक्रीट उशिरा सेट व्हावं म्हणून रेडीमिक्सवाले जे ॲडमिक्स्चर टाकतात त्यात बऱ्याचदा हे ग्लुकोनेट असतं, त्यात पैशा-पैशाची मारामारी असते, तिथे सोनं परवडवणं कठीण. लॅक्टोबायोनिकसारख्या महाग मालात ते जमू शकतं.

१६. ग्लुकोजची दोन्ही टोकं ऑक्सिडाइझ करता येतात का?

येतात, मग ग्लुकारिक ॲसिड मिळतं. जुनी रीत नायट्रिक ॲसिडची, तीत तांबूस-तपकिरी धूर आणि तुकडे तुकडे झालेला बराच माल. प्लॅटिनमवर हवेने पण होतं पण मधेच थांबलेलं, फाटलेलं बरंच मिळतं, कारण दुसऱ्या टोकापर्यंत पोचायला जोर लावावा लागतो आणि तेवढ्या जोरात मधले कार्बन पण तुटायला लागतात. २००४ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने जैविक कच्च्या मालापासून बनवण्यासारख्या मुख्य बारा रसायनांची यादी काढली, त्यात ग्लुकारिक ॲसिड होतं, सॉर्बिटॉल आणि झायलिटॉल पण होते. सॉर्बिटॉल आधीपासून विकलं जात होतंच, ग्लुकारिकला मात्र त्या यादीनंतरही मोठी बाजारपेठ काही मिळालेली नाही.

१७. सॉर्बिटॉलचंच परत ऑक्सिडेशन केलं तर ग्लुकोज मिळेल का?

सरळ नाही मिळणार, आणि या विषयातला मला सगळ्यात आवडणारा भाग हा. सॉर्बिटॉलची दोन्ही टोकं दिसायला सारखी पण मधल्या ओएचची मांडणी सारखी नाही. प्लॅटिनमला कुठलं टोक कुठलं ते कळत नाही, म्हणून ग्लुकॉनिक आणि गुलॉनिक अशी दोन्ही ॲसिडं मिळतात. गुलॉनिक म्हणजे मूळ ग्लुकोजच्या शेपटीकडून ऑक्सिडाइझ झालेलं, आणि व्हिटॅमिन सी त्याच बाजूने बनतं.

१९३३-३४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ताडेउश राइखश्टाइनने याचाच फायदा घेतला. आधी ग्लुकोजचं डोकं हायड्रोजनने गप्प करायचं, सॉर्बिटॉल झालं. मग एका जिवाणूकडून सॉर्बिटॉलच्या नेमक्या एका मधल्या ओएचचं ऑक्सिडेशन करून घ्यायचं, सॉर्बोज झालं. हे काम धातूच्या कॅटलिस्टला जमत नाही कारण त्याला मधले चारही ओएच जवळपास सारखेच. मग ॲसिटोनने चार ओएच झाकून ठेवायचे, मोकळ्या राहिलेल्या टोकाच्या ओएचचं ऑक्सिडेशन करायचं, ॲसिटोन सोडवायचा आणि रिंग बंद करायची. ते टोकाचं ऑक्सिडेशन आधी परमँगनेटने करत. एका हायड्रोजनेशनने आणि दोन ऑक्सिडेशनने रेणूचं डोकं-शेपूट उलटं झालं. नंतर चीनमध्ये दोन टप्प्यांच्या फर्मेंटेशनने ॲसिटोनवाला भाग उडवला, पण तिथेही सुरुवात सॉर्बिटॉलपासूनच होते, म्हणजे हायड्रोजनेशनचा प्लांट राहिलाच.

१८. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट आणि सॉर्बिटॉल यांचा काही संबंध आहे की नुसतं नाव?

संबंध आहे. सॉर्बिटॉल ॲसिडबरोबर तापवून त्यातून पाण्याचे दोन रेणू काढले की आयसोसॉर्बाइड, आणि त्यावर नायट्रेट बसवले की आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट, तीच गोळी. म्हणजे मका ते हृदयाची गोळी असा रस्ता. डॉक्टरांना न विचारता घ्यायची गोष्ट नाही, बीपी एकदम उतरतं.

१९. तापमान आणखी वाढवलं तर काय होतं? आणि कफ सिरपमधल्या विषारी ग्लायकॉलचा याच्याशी संबंध आहे का?

दोन वेगळे प्रश्न आहेत पण नेहमी एकत्र येतात. २०० अंशांच्या वर, अल्कलीत आणि हायड्रोजनखाली सॉर्बिटॉलची कार्बन साखळीच तुटते, मिळतं प्रोपिलीन ग्लायकॉल, इथिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन. याला हायड्रोजेनोलिसिस म्हणतात आणि मुद्दाम केली तर कामाची रिॲक्शन आहे. चीनमध्ये डालियानच्या ग्रुपने २००८ मध्ये निकेल आणि टंगस्टन कार्बाइडवर सेल्युलोजपासून थेट इथिलीन ग्लायकॉल ६० टक्क्यांच्या आसपास काढलं होतं.

कफ सिरपने मुलं दगावली ती मुख्यतः डायइथिलीन ग्लायकॉलने. ते सॉर्बिटॉल बनवताना १२०-१५० अंशाला तयार होत नाही, ते येतं भेसळीतून किंवा इंडस्ट्रियल ग्रेडचा माल औषधाच्या नावाने खपवल्यातून. तरी २०२२ मध्ये आफ्रिकेतल्या गांबियात सिरपने मुलं दगावल्यावर डब्ल्यूएचओने ज्या घटकांची तपासणी करायला सांगितलंय त्यात प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीनबरोबर सॉर्बिटॉल पण आहे, कारण दिसायला सगळे एकसारखे घट्ट, रंगहीन, गोडसर. सिरप बनवत असाल तर प्रत्येक लॉट टेस्ट करून घ्या, सप्लायरच्या सर्टिफिकेटवर जाऊ नका.

२०. सेल्युलोजपासून, म्हणजे धसकट-पाचटापासून थेट सॉर्बिटॉल निघेल का?

लॅबमध्ये निघालंय, आणि त्यात आपलं पुणे पण आहे. २००६ मध्ये जपानच्या होक्काइडो विद्यापीठात आत्सुशी फुकुओका आणि परेश ढेपे यांनी ॲल्युमिनावरच्या प्लॅटिनमने, पाण्यात, १९० अंशाला हायड्रोजनखाली सेल्युलोज तोडून त्याच भांड्यात सॉर्बिटॉल-मॅनिटॉल मिळवलं, उतारा ३० टक्क्यांच्या आसपास. ढेपे पुढे पुण्याच्या नॅशनल केमिकल लॅबोरेटरीत आले. युक्ती अशी की सेल्युलोज तुटून ग्लुकोज झालं रे झालं की लगेच हायड्रोजन चढवायचा, म्हणजे ते जळून काळं व्हायला वेळच मिळत नाही. शुद्ध सेल्युलोजवर हे जमतं, खऱ्या पाचटात लिग्निन आणि राख असते आणि मग प्रश्न ११ मधली सगळी रडगाणी परत सुरू.

२१. रिॲक्शन पूर्ण झाली हे कसं ओळखायचं? बेनेडिक्टने चालेल?

बेनेडिक्ट-फेहलिंग (तांब्याच्या निळ्या द्रावणाच्या साखर-चाचण्या) चालतं, कारण सॉर्बिटॉलकडे अल्डिहाइड नसतं आणि लाल-विटकरी रंग येत नाही. गंमत म्हणजे ती टेस्ट स्वतःच ग्लुकोजचं ऑक्सिडेशन आहे, तांबं ऑक्सिजनच्या जागी काम करतं. पण डोळ्याने बघून सोडू नका, चांगल्या मालात रिड्यूसिंग शुगर (या चाचणीत रंग देणारी, ग्लुकोजसारखी उरलेली साखर) टक्क्याच्या काही दशांशांत असावी लागते आणि तेवढं टायट्रेशननेच कळतं. मॅनिटॉल किती झालं हे यातून कळत नाही, त्याला एचपीएलसी (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) लागतं. आणि फ्रुक्टोजकडे अल्डिहाइड नसताना तो रंग का देतो असं लगेच विचारू नका, अल्कलीत तो ग्लुकोज-मॅनोजमध्ये बदलतो, उत्तर प्रश्न ७ मध्येच आहे.

घरगुती चाचणी हवी असेल तर बेकरीवाल्यांना विचारा, सॉर्बिटॉलची बिस्किटं भट्टीत पांढरीफटक राहतात. पिठातल्या प्रोटीनशी भांडून रंग आणायला अल्डिहाइड लागतं. तुमच्या शुगर फ्री बिस्किटाला खमंग रंग आला असेल तर त्यात दुसरी कुठली तरी साखर आहे किंवा वरून दूध लावलंय.

२२. कॉलेजच्या लॅबमध्ये प्रोजेक्ट म्हणून कुठलं करता येईल?

ऑक्सिडेशन करा. कार्बनवरचं पॅलेडियम, ४०-५० अंश, हवेचा पंप, पीएच मीटर आणि ब्युरेटमधून कॉस्टिक, किती कॉस्टिक गेलं त्यावरून रिॲक्शन किती झाली ते थेट कळतं, सुंदर ग्राफ येतो. फक्त कोरडा पॅलेडियम-कार्बन अल्कोहोलच्या वाफेजवळ उघडू नका, पेट घेतो, आधी पाण्याने भिजवा.

हायड्रोजनेशन मात्र योग्य ऑटोक्लेव्ह आणि जाणकार माणूस असल्याशिवाय अजिबात नाही. हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्के कितीही असला तरी पेटतो, आणि रेनी निकेल सुकलं की आपोआप जळायला लागतं. वापरून झालेलं पण. फिल्टर पेपर तसाच कचऱ्याच्या डब्यात टाकला की अर्ध्या तासाने डबा पेटलेला दिसतो, म्हणून तो पाण्याखालीच ठेवायचा आणि विल्हेवाटीसाठी वेगळा द्यायचा.